वाचकांचे प्रश्न : पुराआधी भरून ठेवायचं पाणी

पावसाळा लागला की सांगलीकरांचं अर्धं लक्ष आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीकडे असतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 2005 मध्ये कृष्णा 53 फुटांच्या पुढे गेली, 2019 मध्ये 57 फुटांच्या पुढे आणि 2021 मध्ये पुन्हा 54 च्या पुढे. तिन्ही वेळा दाराबाहेर पाणीच पाणी होतं आणि प्यायच्या पाण्याची मात्र ओढाताण. पिण्याचं पाणी नदीतूनच उचलायचं असतं. पूर चढला की उपशाच्या मोटरी पाण्यात जातात, वीज तोडावी लागते आणि नळ बंद पडतात. या विषयावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आम्ही गावभागात राहतो. घरात पाच माणसं, त्यांत सासूबाई सत्तरीच्या. किती पाणी भरून ठेवावं, कशात आणि कधी? मागच्या वेळी दोन घागरी आणि एक पिंप भरलं होतं, ते पिंप खालीच राहिलं. (एक गृहिणी, सांगली)

उत्तर : ताई, प्यायला माणशी 3 लिटर आणि स्वयंपाक, चूळ भरणं, जेवणाआधी हात धुणं यांसाठी 2 लिटर, असे दिवसाला 5 लिटर धरा. पाच माणसांना रोज 25 लिटर लागतील. तीन दिवसांचे 75 लिटर होतात, त्याच्या खाली जाऊच नका. पण नदीकाठच्या सांगलीला तीन दिवस पुरत नाहीत. पूर उतरला तरी मोटरी काढून सुकवणं, गाळ काढणं, पाइपलाइन धुणं यात आणखी दिवस जातात. म्हणून आठवड्याचा हिशेब करा : 175 लिटर, म्हणजे 20 लिटरचे नऊ कॅन. संडास, भांडी, अंघोळ यांचं पाणी यात धरलेलं नाही. त्यासाठी बादल्या, टब, जुनी पिंपं वेगळी भरा आणि ती प्यायच्या पाण्यापासून लांब ठेवा, म्हणजे अंधारात कुणी चुकून त्यात तांब्या बुडवणार नाही.

पिंप खाली का राहिलं ते तुम्हाला कळलंच आहे. 200 लिटरचं भरलेलं पिंप 200 किलोचं असतं, पाणी उंबऱ्याशी आल्यावर ते जिन्यावरून कोण नेणार? म्हणून भांडी लहान हवीत. झाकणाला आटे असलेले, अरुंद तोंडाचे, खाद्यपदार्थांसाठीचे 20 किंवा 10 लिटरचे कॅन घ्या. 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो, तो सासूबाईंना हलणार नाही. त्यांच्यासाठी 5 लिटरचे दोन-तीन वेगळे भरा. रुंद तोंडाच्या भांड्यात हात जातो, वाटी जाते, आणि बहुतेक वेळा पाणी तिथूनच नासतं. पाणी नेहमी ओतून घ्या. हंडाच वापरायचा असेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते झाकणावर न ठेवता खुंटीला टांगा.

भरण्याआधी कॅन भांड्याच्या साबणानं धुवा. झाकणाच्या आतली रबरी किंवा प्लास्टिकची चकती काढून तिच्या खालची खाच घासा. बुळबुळीत थर तिथेच साचतो, आणि वास बहुधा पाण्याला नसून त्या चकतीला असतो. मग 1 लिटर पाण्यात 25 मिली क्लोरीनचं द्रावण घालून (कसं करायचं ते तिसऱ्या उत्तरात आहे) कॅनमध्ये सगळीकडे लागेल असं निदान अर्धा मिनिट हलवा, ओतून टाका, नळाच्या पाण्यानं विसळा. कॅन काठोकाठ भरा आणि झाकणावर तारीख लिहा.

कधी भरायचं ते फार महत्त्वाचं. चार कॅन जूनच्या पहिल्या आठवड्यातच भरून ठेवा. झाकण न उघडलेलं नळाचं पाणी सावलीत सहा महिने ठेवता येतं, दिवाळीनंतर ते झाडांना घाला. उरलेले पाच कॅन आयर्विनची पातळी 30 फुटांवर गेली आणि कोयना-वारणेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की त्याच दिवशी भरा. 40 ची वाट बघू नका. तोवर सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागांत पाणी शिरू लागलेलं असतं, सगळं शहर एकाच वेळी नळ सोडून बसतं, दाब पडतो आणि नदीच गढूळ झाल्यानं नळाचं पाणीही गढूळ येऊ लागतं.

कॅन वरच्या मजल्यावर, भिंतीलगत, स्लॅबवर ठेवा. नऊ कॅनचं वजन 180 किलो होतं, ते कडप्प्याच्या माळ्यावर चढवू नका. रॉकेल, रंग, फिनेल, पेट्रोल शेजारी नको, प्लास्टिकमधून त्यांचा वास आणि वाफ पाण्यात उतरते. फ्रीझरमध्ये जागा असेल तर बाटल्या पाऊण भरून गोठवा. वीज गेल्यावर दूध आणि इन्सुलिन काही तास थंड राहील, नंतर तेच पाणी प्यायला होईल.

प्रश्न : आमच्याकडे आरओ आहे. साठवायचं पाणी आरओचंच भरलं तर जास्त शुद्ध राहील ना? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. ही चूक अगदी चांगल्या हेतूनं होते, म्हणून ठासून सांगतो. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन उरलेला असतो आणि साठवणीत तोच पाण्याची राखण करतो. आरओ यंत्रातला कोळशाचा फिल्टर तो क्लोरीनच आधी काढून टाकतो. आरओचं पाणी भरताना स्वच्छ असतं, पण त्यात नंतर एक बोट जरी बुडलं तरी वाढणाऱ्या जंतूंना अडवणारं काही उरलेलं नसतं. रोज भरून रोज प्यायला ते ठीक आहे. साठवणीसाठी थेट नळाचं पाणी भरा. आरओचंच भरावं लागलं तर त्यात क्लोरीन घाला.

पूर आला की वीज जाते आणि दाबही जातो, म्हणजे यंत्र तेव्हा असंही बंदच असणार. थंड पाण्याच्या सुट्या जारवरही विसंबू नका. सीलबंद आणि आयएस 14543 हे चिन्ह असलेलं पाणी वेगळं, आणि नुसता जार भरून आणून दिलेलं पाणी वेगळं.

प्रश्न : ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिळते. घरच्या कॅनमध्ये किती टाकायची? कुणी चिमूटभर सांगतं, कुणी चमचाभर. (एक शेतकरी, वाळवा तालुका)

उत्तर : पावडर थेट प्यायच्या भांड्यात टाकूच नका. तिच्यात चुना असतो, तो विरघळत नाही आणि तळाशी बसतो. शिवाय चिमूट प्रत्येकाची वेगळी. आधी द्रावण करा.

ताज्या टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. किराणा दुकानातल्या काट्यावर 33 ग्रॅम तोलून घ्या. प्लास्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात तिची गुठळी न राहणारी पेस्ट करा, मग पाणी वाढवत 1 लिटर करा, ढवळा आणि अर्धा तास हलवू नका. खाली पांढरा साका बसेल, वर किंचित पिवळसर निवळ राहील. ती निवळ हळूच गडद रंगाच्या प्लास्टिक बाटलीत ओतून घ्या. हे झालं 1 टक्क्याचं द्रावण. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा आणि आठवड्यानं नवीन करा.

स्वच्छ दिसणाऱ्या 20 लिटर पाण्याला 4 मिली, गाळून-निवळूनही थोडं धुरकट राहिलेल्या पाण्याला 8 मिली. मापायला सुई काढलेली 5 मिलीची नवी सिरिंज सगळ्यात सोपी. ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग वास घ्या. क्लोरीनचा हलका वास यायला हवा. वास आलाच नाही तर पाण्यातल्या घाणीनं सगळा क्लोरीन खाल्ला असं समजा. तेवढाच डोस पुन्हा द्या आणि आणखी पाव तास थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी प्यायचं नाही.

नळाचं ताजं, वास असलेलं पाणी भरताना वरून काही घालायला नको. कॅन उघडल्यावर वास गेलेला दिसला तर 20 लिटरला 2 मिली घालून अर्धा तास थांबलं की झालं. गावात जलसुरक्षकाकडे ओटी टेस्टची पेटी असते. दोन थेंब टाकून पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच नाही तर नाही. पुराच्या आधी एकदा त्याच्याकडून आपलं पाणी तपासून घ्या, म्हणजे किती वास पुरेसा हे तुमच्या नाकाला कळेल.

आरोग्य केंद्रातून क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या मिळाल्या तर वरचं माप त्यांना लावू नका. प्रत्येक बाटलीची तीव्रता निराळी असते, म्हणून तिच्यावर लिहिलेलंच प्रमाण धरा. गोळी किती लिटरची ते पाकिटावर असतं, 20 लिटरची गोळी कळशीत टाकू नका.

पावडरीबद्दल दोन चुका नेहमी होतात. पिशवी उघडी राहते, हवा आणि ओल लागून वर्षभरात तिचा जोर बराच कमी होतो, आणि माप बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. पत्र्याचा डबा महिन्यांत गंजतो. दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे : टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका फळीवरही ठेवू नका.

घरातली माणसं वासामुळे पाणी पीत नसतील तर अर्धा तास पूर्ण झाल्यावर पाणी दोन भांड्यांत चार वेळा वर-खाली ओता, वास उतरतो. पेल्यात लिंबू पिळलंत तरी जातो. पण लिंबू कॅनमध्ये कधीही नाही, त्यानं क्लोरीनच मरतो.

प्रश्न : द्राक्षबागेच्या औषधांचे 20 लिटरचे चांगले जाड कॅन घरात पडून आहेत. गरम पाणी आणि सोड्यानं धुतले तर चालतील का? (एक बागायतदार, तासगाव तालुका)

उत्तर : चालणार नाहीत, कितीही वेळा धुतले तरी. औषध प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं असतं आणि महिनोन्महिने पाण्यात उतरत राहतं. त्याला चव असेलच असं नाही. उकळून किंवा क्लोरीन घालून विष जात नाही, या दोन्ही गोष्टी फक्त जंतू मारतात. हे कॅन संडासच्या पाण्यालाही वापरू नका, कारण पुरात माणूस थकलेला असतो आणि भांडी बदलतात. कॅनना भोकं पाडा, म्हणजे दुसरं कुणी नेऊन पाणी भरणार नाही.

रंग, ॲसिड, खतं यांच्या निळ्या पिंपांनाही हेच लागू. दुधाच्या प्लास्टिक कॅनमध्ये कोपऱ्यांतली साय निघत नाही आणि पाणी दोन दिवसांत आंबूस होतं. गोडेतेलाचा 15 किलोचा डबा गंजतो. सरबताच्या किंवा पाण्याच्या 2 लिटरच्या बाटल्या मात्र उत्तम, वजनाला हलक्या आणि मुलांनाही उचलता येतात.

त्याच कारणानं आणखी एक सूचना. पुराचं पाणी कृषी सेवा केंद्रं, गॅरेज, गोदामं यांतून फिरून आलेलं असतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा औषधाचा वास आला तर ते गाळून, उकळून, क्लोरीन घालूनही पिण्याजोगं होत नाही.

प्रश्न : तुरटी फिरवली आणि पाणी वीस मिनिटं उकळलं की पुरे ना? आणि तांब्याचा हंडा? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. पण तिचं काम मोठं आहे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच खर्च होतो. 20 लिटर गढूळ पाण्याला साधारण 1 ग्रॅम तुरटी लागते. ती वाटीभर पाण्यात विरघळवून घाला, एक मिनिट जोरात आणि मग पाच मिनिटं हळूहळू ढवळा. थोड्या वेळात मातीचे कापसासारखे पुंजके जमलेले दिसतील. ते पूर्ण खाली बसू द्या, तासभर तरी भांडं हलवू नका. वरचं पाणी चारपदरी सुती कापडातून गाळून घ्या आणि मग क्लोरीन घाला. हा क्रम उलटा करू नका.

उकळायला वीस मिनिटं लागत नाहीत. सगळं पाणी खदखदून उसळू लागल्यापासून पूर्ण एक मिनिट उकळू द्या, मग झाकून तसंच निवू द्या. पुरात सिलिंडर मिळत नाही, एकोणीस मिनिटांचा गॅस वाचवा. उकळलेल्या पाण्यात राखणीला काही नसतं, ते त्याच भांड्यात ठेवा आणि दिवसभरात संपवा.

तांब्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात हे खरं आहे, पण पुराच्या घाणीला तेवढ्यावर सोडता येत नाही. क्लोरीन घातलेलं पाणी तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नका. क्लोरीनची धातूशी प्रक्रिया होते, पाण्याला कडवट चव येते आणि क्लोरीन संपतो.

प्रश्न : आमचं अपार्टमेंट आहे. खाली 10,000 लिटरचा हौद, गच्चीवर टाक्या. इतकं पाणी असताना कॅन कशाला? (सोसायटीचे सचिव, सांगली)

उत्तर : कारण हौद जमिनीत आहे. त्याच्या झाकणाच्या फटीतून एक बादली पुराचं पाणी आत गेलं की दहाही हजार लिटर गेलं. मोटर तळघरात असेल तर तीही जाते.

पातळी 35 फुटांवर जाताच, वीज आहे तोवर गच्चीच्या टाक्या काठोकाठ भरा. मग हौदाकडून वर जाणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे नंतर कुणी सवयीनं मोटर चालू केली तरी घाण वर चढणार नाही. टाक्यांची झाकणं तारेनं बांधा. फ्लशला त्यातलं पाणी वापरू नका, ठरलेल्या वेळी सकाळ-संध्याकाळ अर्धा तासच पाणी सोडा. एवढी शिस्त पाळली तर टाकीचं पाणी आठवडा निघतं. पण एका फ्लॅटचा नळ गळत राहिला तर सगळ्यांची टाकी एका रात्रीत रिकामी होते. म्हणून कॅन हवेतच.

पुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर नळाला थेट मोटर लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. लाइनमध्ये दाब नसताना मोटर ओढते तेव्हा गळक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत खेचली जाते, आणि ती शेजाऱ्यांच्याही नळाला येते. पहिलं पाणी वाहून जाऊ द्या, पुढचे काही दिवस उकळून प्या.

हौदात पुराचं पाणी गेलं असेल तर तो उपसा, गाळ काढा, भिंती घासा, पुन्हा भरा. दर 1,000 लिटरला 150 ग्रॅम टीसीएलचं निवळलेलं द्रावण घाला. सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, 24 तास ठेवा आणि ते सगळं पाणी फेकून द्या. ते प्यायचं नाही. हौदात उतरणारा माणूस एकटा नको. झाकण तासभर आधी उघडून हवा खेळू द्या.

प्रश्न : डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप टाकून पाणी येतं. दरड आली की पाइप तुटतो आणि गावाचा रस्ताही बंद होतो. कॅन किती दिवस पुरणार? (एक वाचक, पाटण तालुका)

उत्तर : तुमच्याकडे पाऊसच उपयोगी पडेल. 100 चौरस फूट पत्र्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता 75 लिटर तरी हाती येतं, आणि तुमच्याकडे तेवढा पाऊस एका तासातही पडतो. पन्हळ नसेल तर अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप तारेनं पागोळीखाली बांधा, थोडा उतार द्या. पहिली पंधरा मिनिटं पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात पक्ष्यांची विष्ठा, शेवाळ, पानं असतात. पाऊस चार तास थांबून पुन्हा आला तर पुन्हा पंधरा मिनिटं सोडा. चारपदरी कापडातून गाळा आणि 20 लिटरला 4 मिली द्रावण घाला. शेवाळलेल्या कौलांपेक्षा पत्रा बरा. नुकताच रंग किंवा डांबर लावलेल्या छताचं पाणी नको.

कॅन तीन दिवसांचे भरलेले असावेतच. दरड कोसळण्याच्या भीतीनं रात्रीत घर सोडावं लागलं तर पन्हळ बरोबर नेता येत नाही. माणशी 2 लिटरची एक बाटली दाराशी पिशवीत असू द्या.

प्रश्न : घरात चार महिन्यांचं बाळ आहे. त्याला कोणतं पाणी द्यावं? (एक आई, इस्लामपूर)

उत्तर : कोणतंच नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच द्यायचं, पाण्याचा चमचाही नको. पाणी तुम्हाला लागेल. अंगावर पाजणाऱ्या आईच्या वाट्याला रोज आणखी 1 लिटर धरा आणि तिच्या पेल्यात कुणी काटकसर करू नये. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं असेल तर ते एक मिनिट खळखळ उकळलेल्या पाण्यातच, लागेल तेवढंच करा. वाटी-चमचाही उकळून घ्या. बाटली उकळून स्वच्छ ठेवणं पुरात जमत नाही. मोठ्या माणसांसाठी ओआरएसची पाकिटं कॅनजवळच ठेवा. एक मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं असतं, अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात असं नाही.

प्रश्न : विहिरीत पुराचं पाणी गेलं. आता ती कशी वापरात आणायची? (एक वाचक, पलूस तालुका)

उत्तर : नदीची पातळी उतरून विहिरीभोवतालची जमीन वापसा आल्यासारखी झाल्यावरच उपसा. आधी उपसलंत तर आजूबाजूचं घाण पाणीच आत येतं, आणि कच्चं बांधकाम ढासळायची भीती असते. दोनदा पूर्ण उपसून गाळ काढा. पाणी भरल्यावर मोजा : फुटांत व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 22, उत्तर लिटरमध्ये येतं. 15 फूट व्यास आणि 12 फूट पाणी असेल तर सुमारे 60,000 लिटर. एरवी 1,000 लिटरला 5 ग्रॅम टीसीएल पुरते, म्हणजे 300 ग्रॅम. पुरानंतर पहिल्या खेपेला दुप्पट, 600 ग्रॅम घ्या. बादलीत कालवून निवळ दुसऱ्या बादलीत काढा आणि ती दुसरी बादली दोरानं पाण्याखाली सोडून खाली-वर हलवा, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत पोचतो. नुसतं वरून ओतलं तर वरच्या हातभर पाण्यातच राहतो.

संध्याकाळी घाला, रात्रभर पाणी काढू नका. सकाळी ओटी टेस्टला पिवळा रंग आला नाही तर पुन्हा घाला. रंग आल्यावरही नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवाल येईपर्यंत हे पाणी भांडी-कपड्यांनाच वापरा. तोवर प्यायला कॅनमधलं.